भुलेश्वरचा धडा

पहाटे ५:३०
हडपसर मागे टाकलं. मुळशीकडच्या डोंगरउतारावर एका कुटुंबाचं घर बांधायचंय. आसपास दुसरी इमारत नाही. संध्याकाळी आराखडा दाखवायचा, म्हणून त्याआधी माळावर एकटं उभं असलेलं भुलेश्वरचं देऊळ पाहून यायचं ठरवलं. सोबत ऑफिसमधला ज्युनियर.

सकाळी ७
यवतहून आत वळून माळशिरसजवळचा डोंगर चढलो. चहूकडे गवताळ माळ. दुरून दिसतात ते तट आणि चुन्याचे घुमट. मंदिर यादवकाळातलं, पुढे १७व्या शतकात मुरार जगदेवाने याच डोंगरावर दौलतमंगळ किल्ला बांधला. त्यामुळे देऊळ बाहेरून गढीसारखं भासतं.

सकाळी ७:३०
"मॅडम, दारातून काहीच दिसत नाही." बरोबर आहे. समोर आडवी भिंत येते. बाजूला वळून अरुंद, अंधाऱ्या, उभ्या पायऱ्या चढल्या की मग नंदी आणि गाभारा. कोरीव काम सगळं आतल्या बाजूला. स्त्रीरूपातल्या गणेशाच्या शिल्पापाशी थांबलो. तिरपा उजेड पडताच बेसाल्टमधली बारीक कड उठून दिसली. उघड्या माळावर वारा, ऊन बाहेरची भिंत सोसते. नाजूक ते आत सांभाळलं जातं. पावलांनी अंतरं मोजली, पायरीची उंची टेपने घेतली, वळणाचं स्केच केलं.

दुपारी १२
एरंडवण्यात ऑफिस. कॉन्टूरच्या नकाशावर ट्रेसिंग पेपर पसरला. मुळशीचा पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, म्हणून त्या बाजूला सलग दगडी भिंत, खिडकी एकही नाही. खोल्या आतल्या अंगणाकडे उघडतात.

दुपारी ३
मिस्त्रींना फोन. "प्लिंथसाठी डोंगर कापायचा नाही, घर उताराबरोबर पायरीपायरीने उतरवायचं." त्यांनी पायाच्या खोदाईचा प्रश्न काढला. जमीन जिथे मुरमाड आहे तिथून सुरुवात करायचं ठरलं.

संध्याकाळी ६
"अहो, पण रस्त्यावरून घर दिसणार कसं?" क्लायंट काकांनी विचारलं. मी म्हटलं, "काका, रस्त्यावरून डोंगर दिसू दे. घर तुम्हाला आत आल्यावर भेटेल." काकूंनी अंगणाच्या नकाशावर बोट ठेवून तुळशीवृंदावनाची जागा विचारली. आराखडा मंजूर झाला.

रात्री ८
निघण्यापूर्वी ज्युनियरला पुढचं काम दिलं: पर्वती आणि वेताळ टेकडीवरची देवळं पायी जाऊन पाहायची आणि वाट कुठे वळते तेवढंच काढून आणायचं. एकट्या इमारतीची रचना त्या वाटेपासूनच सुरू होते.