कारखाना, काटा आणि कालवा

रामनवमीला जांब समर्थला येणारा भाविक समर्थ रामदासांचे जन्मघर पाहतो, राममंदिरात दर्शन घेतो आणि परतीच्या गाडीला लागतो. १६०८ साली समर्थांचा जन्म झाला ते जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातले हे गाव. पण या तालुक्याची गेल्या पन्नास वर्षांची कहाणी वाचायची तर देवळाबाहेर पडून शिवारात जावे लागते. जिथे ज्वारी, बाजरी, तूर आणि कपाशी एवढीच पिके होती, त्या शिवारात आता ऊस उभा आहे आणि त्या उसाच्या मागे कारखाना आहे.

सुरुवात पाण्याने झाली. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झाले. त्याचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांतून परभणीकडे गेला. पुढे गोदावरीवर जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी असे बंधारेही झाले. पाणी आले तरी ऊस आपोआप येत नाही. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर वजन घटते, साखरेचा उतारा उतरतो. म्हणून कारखाना हाकेच्या अंतरावर लागतो. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखान्याचा जो पाया १९५० च्या सुमारास घातला, तो नमुना इथे यायला बराच काळ लागला. अंकुशराव टोपे यांच्या पुढाकाराने अंबड तालुक्यात महाकाळ्याला समर्थ सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्या परिसराला आज अंकुशनगर म्हणतात. पुढे घनसावंगी तालुक्यात तीर्थपुरीला सागर हे त्याचे दुसरे युनिट आले आणि देवीदहेगावला समृद्धी शुगर्स हा खासगी कारखाना आला.

कारखान्याने भागाला काय दिले, असे विचारले की बहुतेक जण नोकऱ्या मोजायला बसतात. कायम कामगार, हंगामी कामगार, शेतकी खात्यातले लोक, चिटबॉय. ही मोजणी चुकीची नाही, पण ती खरे मर्म सोडून देते. कारखान्याने दिलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे कायद्याने बांधलेले गिऱ्हाईक. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस काट्यावर गेल्यापासून १४ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. उशीर झाला तर १५ टक्के व्याज. २००९ पासून एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, लागू झाली. २०२४-२५ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी ती क्विंटलला ३४० रुपये होती आणि साडेनऊ टक्के किंवा त्याहून कमी उतारा असला तरी ३१५ रुपये १० पैसे. कपाशीला हे संरक्षण नाही. सोयाबीनचा हमीभाव जाहीर होतो आणि शेतकरी त्याच्या खाली विकून घरी येतो. ऊस लावणारा शेतकरी पाण्याचा शत्रू नसतो. ज्या एकाच पिकाचा पैसा कुठून येणार हे त्याला आधी कळते, ते पीक तो लावतो.

एकरी ४० टन धरा. टनाला ३४०० ने हिशेब १ लाख ३६ हजारांवर जातो. पण यातून तोडणी-वाहतूक वजा होते आणि ती बहुतेक ठिकाणी सर्व उसाच्या सरासरीने कापली जाते. म्हणजे काट्याला खेटून असलेल्या शेतकऱ्याच्या बिलातून लांबच्या उसाच्या वाहतुकीचाही वाटा जातो. मग सोसायटीचे पीककर्ज, बेण्याचे आणि खताचे पैसे. उरलेली रक्कम खात्यात आली की कुंभार पिंपळगावसारख्या बाजारगावात उधारी फिटते, ट्रॅक्टरचा हप्ता जातो, लग्नाची तारीख पक्की होते. गॅरेज, टायरवाले, कृषी सेवा केंद्र, रस्त्यावरची हॉटेले या सगळ्यांचे वर्ष उसाच्या बिलावर फिरते. चुकारे दोन महिने लांबले तर ज्याने उसाचे एक कांडेही लावले नाही, त्या किराणा दुकानदाराचाही हात आखडतो. त्यामुळे कारखाना चांगला की वाईट हे गाळपाच्या आकड्यावरून ठरवू नये. चुकारे कोणत्या तारखेला पडले, ते विचारावे.

आता या साखळीचे दुसरे टोक. उसाच्या फडात माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम दिवाळीच्या आधी उचल देतो आणि ती फिटेपर्यंत जोडी बांधली जाते. नवरा बुडाशी कोयता घालतो, बायको पाचट सोलते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते. वाढे विकून वरखर्च निघतो. गाडी रात्री भरायची असेल तर रात्री उठायचे. पोरे पाचटाच्या कोपीत. याच जालना जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या बीडमधल्या कोरडवाहू गावांतली कितीतरी कुटुंबे घराला कुलूप लावून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्के वाढून टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला, तोही संपाचा इशारा दिल्यानंतर. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यापुढे आला. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ स्थापन झाले, त्याला टनामागे कारखान्याचे १० रुपये आणि तेवढेच सरकारचे असे ठरले. तरी साखरेच्या पैशात ज्याचे श्रम सर्वाधिक, त्याचा वाटा सर्वांत शेवटी मिळतो, हे मला अन्यायाचे वाटते आणि ते स्पष्ट म्हटले पाहिजे.

कारखान्यावर सगळा भार टाकला की काय होते, ते २०२१-२२ ने दाखवले. महाराष्ट्राने त्या हंगामात सुमारे १३७ लाख टन साखर करून उत्तर प्रदेशाला मागे टाकले. त्याच हंगामात मराठवाड्यात मे उजाडला तरी ऊस फडात उभा होता. तोडचिठ्ठीसाठी शेतकरी हेलपाटे घालत होते, तोडीसाठी वरकड पैसे मोजत होते, काहींनी ऊस पेटवून दिला. सरकारला १ मेनंतरच्या उसासाठी उतारा घटीपोटी टनाला २०० रुपये अनुदान द्यावे लागले. कारखाना बंद पडला तर आणखी वाईट. जालना तालुक्यात रामनगरचा सहकारी कारखाना बंद पडून विकला गेला तेव्हा सभासदांचे भाग कागदावरच राहिले.

पाण्याचा हिशेब टाळून हा आढावा पुरा होत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा टँकरवर जगला आणि मोसंबीच्या बागा जागेवर वाळल्या. २०१९ साली मराठवाड्याच्या विभागीय आयुक्तांनी इथल्या ऊस आणि कारखान्यांवर निर्बंध घालावेत असा अहवाल शासनाला दिला. शिफारस पाण्याच्या बाजूने बरोबर होती. शेतकऱ्याच्या खिशाच्या बाजूने ती अपुरी होती, कारण उसाऐवजी काय, आणि ते घेणार कोण, याचे उत्तर तिच्यात नव्हते.

उत्तराचा एक तुकडा जालना शहराने फार आधी दिला आहे. लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांनी शहराला पैसा दिला, परप्रांतातल्या मजुरांना काम दिले, पण खेड्यांशी त्यांचे नाते पातळ राहिले. बियाण्याच्या उद्योगाचे तसे नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको काढली, भेंडीच्या बियाण्यापासून सुरू झालेल्या त्यांच्या कामाला १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २००२ साली देशात मंजूर झालेले पहिले बीटी कपाशीचे वाण याच कंपनीचे. बीटीवर वाद भरपूर आहेत आणि त्यातले काही रास्त आहेत. पण संकरित कपाशीचे बीजोत्पादन शेतावर काय करते ते पाहा. कंपनी नर आणि मादी वाणाचे बियाणे देते, भाव आधी ठरतो. संध्याकाळी बाया मादी ओळीतल्या उमलण्याआधीच्या कळीचे पुंकेसर नखाने काढतात, खूण लावतात. सकाळी नर फुलाचे परागकण तिच्यावर फिरवतात. एकेका कळीला दोनदा हात. अर्धा एकर प्लॉटला आठवडेच्या आठवडे गावातल्याच हातांना काम मिळते, आणि पाणी उसाच्या मानाने फारच कमी लागते. मजुरी इथेही कमीच पडते आणि उगवण चाचणीत लॉट नापास झाला तर शेतकरी अडचणीत येतो. तरी बाहेरगावी जाऊन कोपीत राहावे लागत नाही.

आणि मोसंबी. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अंबड-घनसावंगीत तिच्या जुन्या बागा आहेत, ठिबकावर ती जगते. तिला काटा नाही, चौदा दिवसांचा कायदा नाही, गळ झाली की व्यापारी म्हणेल तो भाव. साखरेसाठी सरकारने भागभांडवल दिले, कर्जाला हमी दिली, खरेदीला कायदा दिला, तेव्हा कुठे हा ऊस उभा राहिला. तेच सगळे मोसंबीला, तुरीला आणि बियाण्याला द्यायला हवे. तीर्थपुरी-कुंभार पिंपळगाव पट्ट्यात रस आणि डाळ प्रक्रियेचा एक मोठा प्रकल्प, त्याच्या दारात उघडा वजनकाटा आणि १४ दिवसांत पैसे: यापुढे कोणत्याही पक्षाचा उमेदवार मत मागायला आला की घनसावंगीच्या मतदारांनी त्याच्याकडे हे लेखी मागावे.