स्क्रीन रीडरला काय दिसते?

अंध व्यक्ती संगणक वापरते ती कानाने. स्क्रीन रीडर नावाचे सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवते आणि माउसचे सारे काम कीबोर्डवर होते. सरावलेला वापरकर्ता हा आवाज इतक्या वेगात ऐकतो की शेजारी बसलेल्याला त्यातले काहीच उमगत नाही. विंडोजवर चालणारे ‘जॉज’ हे त्यातले जुने आणि महागडे सॉफ्टवेअर. २००६ मध्ये मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने ‘एनव्हीडीए’ बनवायला घेतले आणि ते सर्वांसाठी मोफत ठेवले. ते मराठीही वाचते. मोबाइलमध्ये तर ‘टॉकबॅक’ किंवा ‘व्हॉइसओव्हर’ बहुधा आधीपासूनच असते. म्हणजे वाचणारे यंत्र हाताशी आहे. अडते ते वेबसाइटपाशी.

स्क्रीन रीडर पानाचे रूप पाहत नाही, त्यामागचा कोड वाचतो. ठळक, मोठी अक्षरे डोळ्यांना शीर्षक वाटतात. पण कोडमध्ये तशी खूण नसेल तर स्क्रीन रीडरच्या लेखी तो साधाच मजकूर. खूण असेल तर एनव्हीडीएमध्ये ‘एच’ ही एकच कळ दाबत एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारता येते. नसेल तर हवी ती बातमी सापडेपर्यंत सगळे पान ऐकत बसायचे. दुव्यांचेही तसेच. अंध वापरकर्ता अनेकदा फक्त दुव्यांची यादी ऐकतो, आणि त्यात वीस वेळा ‘येथे क्लिक करा’ आले तर कुठला दुवा कशाचा हे कळायला मार्ग नाही.

चित्राला कोडमध्ये पर्यायी मजकूर जोडावा लागतो. तो लिहिणे दिसते तितके सोपे नाही, कारण चित्रात काय आहे यापेक्षा ते तिथे कशासाठी आहे हे सांगायचे असते. शोधपट्टीजवळच्या भिंगाला ‘भिंग’ म्हणून उपयोग नाही. ‘शोधा’ म्हणायला हवे. निव्वळ शोभेच्या वेलबुट्टीचा मजकूर मुद्दाम रिकामा ठेवतात. अर्जातल्या प्रत्येक चौकटीला तिचे नाव कोडमध्ये जोडलेले नसेल, तर ऐकणाऱ्याला कळते एवढेच, की इथे काहीतरी लिहायचे आहे.

मराठी पानांचे एक वेगळेच दुखणे आहे. युनिकोड ही अक्षरे साठवण्याची सामाईक पद्धत रुळण्यापूर्वीच्या फाँटमध्ये मजकूर दिसतो देवनागरी, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरे. कृतिदेव या अशाच एका फाँटमध्ये टाइप केलेला ‘भारत’ संगणकाच्या लेखी ‘एच, के, के, जे, आर’ असतो, आणि स्क्रीन रीडर इमानेइतबारे तेच वाचतो. कागद स्कॅन करून चढवलेली पीडीएफ तर त्याहून वाईट: अक्षरओळख करून घेतली नाही तर ते नुसते छायाचित्र असते, मग मजकूर शासन निर्णयाचा असो की परीक्षेच्या निकालाचा. पान मराठीत आहे हे कोडमध्ये सांगितलेले नसले, की कधीकधी हिंदी आवाज मराठी वाचू लागतो.

इतर अपंगत्वांच्या गरजा वेगळ्या. कर्णबधिरांना व्हिडिओखाली शब्द हवेत. हात थरथरणाऱ्याला मोठी बटणे हवीत, आणि अर्ज भरायला पुरेसा वेळही. अंधुक दिसणाऱ्यासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ ला १ असावे, असे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने हे निकष प्रथम १९९९ मध्ये जाहीर केले, २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. अनेक सरकारी वेबसाइटच्या डोक्यावर अक्षरे लहानमोठी करणारी ‘अ’ची तीन बटणे दिसतात. त्यांच्यावरच समाधान मानायची सवय जडली आहे, पण अंध माणसाला त्यांचा काडीचा उपयोग नसतो.

२०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली; त्यांपैकी सुमारे ५० लाख दृष्टिबाधित. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्याखालच्या सुलभतेच्या नियमाला नुसत्या शिफारशीचे रूप आले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान निकष सक्तीचे करण्यास सांगितले. याच न्यायालयाचा ३० एप्रिल २०२५ चा निकाल केवायसीबद्दल, म्हणजे ग्राहकाच्या ओळख पडताळणीबद्दल होता. ग्राहक जिवंत आहे हे पटवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगितले जाई. आम्लहल्ल्यात चेहरा आणि डोळे गमावलेल्यांनी ते कसे करावे? डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने म्हटले.

वेबसाइट तपासण्याची पहिली पायरी बिनखर्चाची आहे: माउस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डने अर्ज पूर्ण करून पाहायचा. स्वयंचलित तपासणीसाठी साधने मिळतात, पण पर्यायी मजकुराबद्दल ती बहुधा तो आहे की नाही एवढेच सांगतात. भिंगाला ‘चित्र १’ असे नाव दिले तरी त्यांच्या लेखी सारे ठीक. म्हणूनच २०२५ च्या त्या निकालात नियमित तपासणीबरोबर आणखी एक आदेश आहे: नवे अ‍ॅप किंवा वेबसाइट घडवताना चाचणीला अंध व्यक्तींनाच बसवावे.