पिशवीतील रोप पिवळे पडले? आधी पाणी तपासा, मग खत द्या

पुणे जिल्ह्यात फळबागेची लागवड प्रामुख्याने पावसाळ्याच्या सुरुवातीस, जून-जुलै महिन्यांत केली जाते. रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीचा कार्यक्रम राज्यात १९९० मध्ये सुरू झाला आणि त्यानंतर फळबागांखालील क्षेत्र झपाट्याने वाढले. २०१८-१९ पासून भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेचीही त्यात भर पडली. त्याबरोबर कलमे-रोपांची मागणी वाढली आणि उरुळी कांचन परिसरात पुणे-सोलापूर रस्त्याच्या दुतर्फा रोपवाटिका उभ्या राहिल्या. ऐनवेळी रोपे मिळणार नाहीत म्हणून बरेच शेतकरी एप्रिल-मे महिन्यांतच डाळिंबाची गुटी कलमे, सीताफळाची कलमे, कागदी लिंबाची किंवा अंजिराची रोपे आणून घराजवळ ठेवतात. रोपे बिघडतात ती नेमकी याच सहा-सात आठवड्यांत. लागवडीच्या वेळी रोप मेले तर केवळ त्याची किंमत जात नाही, तर बागेतील त्या जागेचे एक वर्ष वाया जाते.

अशा रोपांची पाने पिवळी पडू लागली की आपला पहिला समज होतो की रोपाला खत कमी पडले. मग चमचाभर युरिया दिला जातो. रोप मलूल दिसले की पाणी दिले जाते. प्रत्यक्षात पिशवीतील बहुतेक रोपे जादा पाण्याने आजारी पडतात आणि त्यावर दिलेले खत त्यांना मारते. प्रस्तुत लेखक पदव्युत्तर शिक्षण घेत असताना त्यानेही हीच चूक केली होती. पपईची दोन ओळी रोपे मलूल दिसली म्हणून त्यांना सकाळ-संध्याकाळ पाणी आणि खताचे द्रावण दिले. आठवड्याभरात निम्मी रोपे कोलमडली. पिशव्या फाडून पाहिल्या तेव्हा तळाच्या मातीला आंबूस वास येत होता आणि मुळे तपकिरी होऊन त्यांची साल हाताला निघून येत होती. पिशवी आधी फाडून पाहिली असती तर उरलेली रोपे वाचली असती.

पिशवीतील माती शेतातील मातीसारखी वागत नाही

शेतात पाणी दिल्यावर जादा पाणी खालच्या थरांत ओढले जाते आणि दोन-तीन दिवसांत जमीन वाफशावर येते. पिशवीत मातीचा स्तंभ वीतभर उंचीचा असतो व त्याच्या खाली हवा असते. भोके असली तरी तळाच्या मातीतील पाणी सहजासहजी सुटत नाही, ते तेथेच धरून राहते. याची खात्री घरी करता येईल. भांडी घासायचा स्पंज पाण्यात भिजवून आडवा धरावा. पाणी ठिबकायचे थांबले की तोच स्पंज उभा करावा. त्यातून पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. म्हणून माती एकच असली तरी उथळ कुंडी किंवा आखूड पिशवी उंच पिशवीपेक्षा अधिक काळ चिबड राहते.

यावरून आणखी एक गोष्ट लक्षात येईल. निचरा व्हावा म्हणून कुंडीच्या तळाशी विटांच्या तुकड्यांचा जाड थर देण्याची पद्धत आहे. त्या थराने निचरा वाढत नाही. मातीची उंची तेवढी कमी होते आणि ओला थर मुळांच्या अधिक जवळ येतो. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर एखादे खापर ठेवणे पुरेसे आहे.

आपल्याकडील काळी माती एकटीच पिशवीत भरली तर हा दोष वाढतो. ती ओली असताना फुगून हवा बंद करते आणि वाळली की आकसून पिशवीच्या कडेपासून सुटते. मग वरून दिलेले पाणी त्या फटीतून थेट खाली जाते आणि मुळांचा गड्डा कोरडाच राहतो. म्हणून पोयट्याची माती दोन भाग, चांगले कुजलेले शेणखत एक भाग व जाडसर वाळू एक भाग असे मिश्रण वापरावे. कच्चे शेणखत घालू नये. ते कुजताना मिश्रणातील नत्र जिवाणूच वापरतात व रोप पिवळे पडते. शिवाय त्यातून हुमणीही येते.

खताआधी चार तपासण्या

१) वजन : पाणी देऊन निथळलेली एक पिशवी उचलून पाहावी. तिचे वजन हाताला माहीत झाले की इतर पिशव्या नुसत्या उचलून पाणी हवे की नको हे कळते.

२) बोट : वरची माती दिसायला कोरडी असली तरी बोट दोन पेरे खाली घालून पाहावे. ओल लागली तर पाणी देऊ नये. तळाच्या भोकातूनही बोटाने चाचपावे.

३) वेळ : दुपारी माना टाकलेले रोप संध्याकाळी सावरले तर ते उन्हामुळे असू शकते. सकाळीच मलूल असलेल्या रोपाची पिशवी हलकी असेल तर त्याला पाणी हवे आहे. पिशवी जड असूनही रोप मलूल असेल तर मुळे गुदमरली आहेत. त्यास पाणी देणे म्हणजे दुखणे वाढविणे होय.

४) मुळे : दहा रोपांमागे एका रोपाची पिशवी अलगद काढून पाहावी. पांढरी, टवटवीत टोके असलेली मुळे निरोगी असतात. तपकिरी, बुळबुळीत व वास येणारी मुळे मुळकुजीची खूण आहेत.

याबरोबरच रोपांची मांडणीही पाहावी. सर्व रोपे सारखीच पिवळी असतील तर दोष बहुधा पाणी, मिश्रण किंवा खतात असतो. सखल कोपऱ्यातील तेवढीच बिघडली असतील तर तेथे पाणी साचते. मध्येच एखादे-दुसरे रोप वाकडे दिसत असेल तर पानांच्या खालच्या बाजूस फुलकिडे, कोळी किंवा मावा आहे का ते आधी पाहावे.

पाणी जास्त की कमी?

पाणी जास्त झालेल्या रोपाची खालची पाने फिकट पिवळी होतात, मऊ राहून लोंबतात आणि थोड्या धक्क्यानेही गळतात. वाढ थांबते, मातीवर हिरवे शेवाळ येते आणि बारीक काळ्या माश्या उडताना दिसतात. पाणी कमी पडलेल्या रोपाची पाने पातळ व कुरकुरीत होतात, कडा वाळतात, माती पिशवीपासून सुटलेली असते.

पाणी जास्त झाले असल्यास पाणी बंद करून रोपे सावलीत व वाऱ्याच्या जागी ठेवावीत, भोके मोकळी करावीत आणि वरचा पापुद्रा खुरप्याच्या टोकाने हलकासा फोडावा. नवी पांढरी मुळे दिसेपर्यंत कोणतेही खत देऊ नये. पाणी कमी पडून माती आकसली असल्यास वरून पाणी ओतण्याऐवजी पिशवी पाण्याच्या घमेल्यात दोन तृतीयांश उंचीपर्यंत १५ ते २० मिनिटे ठेवावी. बुडबुडे थांबले की काढून निथळू द्यावी. एरवी पाणी सकाळी द्यावे व ते तळातून थोडे बाहेर पडेपर्यंत द्यावे. रोज घोटभर पाणी देण्यापेक्षा वाफसा आल्यावर एकदा पुरेसे देणे चांगले. एप्रिल-मे महिन्यांत काळ्या पिशव्या उन्हात तापून कडेची मुळे भाजतात. त्यासाठी पिशव्या एकमेकींना चिकटवून, शेडनेट किंवा झाडाच्या विरळ सावलीत ठेवाव्यात.

अन्नद्रव्यांची कमतरता : कोणते पान पिवळे पडले ते पाहा

पाण्याचा दोष नाही अशी खात्री झाल्यावरच अन्नद्रव्यांकडे वळावे. घरात धान्य कमी पडले की आई आपल्या ताटातले लेकराला देते, तसेच रोप नत्र, स्फुरद, पालाश व मॅग्नेशियम जुन्या पानांतून काढून नव्या पानांस पुरविते. म्हणून यांची लक्षणे प्रथम खालच्या पानांवर दिसतात. लोह, कॅल्शियम व बोरॉन असे हलविता येत नाहीत. त्यांची लक्षणे शेंड्याकडील कोवळ्या पानांवर दिसतात.

खालच्या पानांवरील लक्षणे :
• नत्र : पूर्ण पान एकसारखे फिकट पिवळे, वाढ खुरटलेली.
• स्फुरद : पाने गडद हिरवी, लहान, कधी जांभळट झाक.
• पालाश : पानांच्या कडा व टोके करपतात.
• मॅग्नेशियम : शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा.

शेंड्याकडील पानांवरील लक्षणे :
• लोह : कोवळी पाने पिवळी ते पांढुरकी, शिरांची जाळी मात्र हिरवी.
• जस्त : पाने लहान व अरुंद, पेरे आखूड, पाने झुपक्याने येतात.
• कॅल्शियम, बोरॉन : शेंडा व कोवळी पाने वेडीवाकडी होऊन वाळतात.

आपल्या भागात कागदी लिंबाच्या रोपांवर लोहाची कमतरता वारंवार आढळते. उसावर केवडा पडतो त्याचेही बहुधा हेच कारण असते. मातीत लोह नसते असे नाही. चुनखडी माती व बायकार्बोनेटयुक्त विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यामुळे सामू वाढतो आणि असलेले लोह रोपाला घेता येत नाही. चिबडपणा त्यात भर घालतो. म्हणून येथेही पहिला उपाय पाणी आवरण्याचाच आहे. त्यानंतर एक लिटर पाण्यात २ ते ३ ग्रॅम फेरस सल्फेट (हिराकस) व १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड मिसळून ताज्या द्रावणाची संध्याकाळी फवारणी करावी. तांबूस झालेले द्रावण वापरू नये. मातीतून चिलेटेड लोह द्यायचे असल्यास ईडीडीएचए स्वरूपातील घ्यावे. ईडीटीए स्वरूपातील लोह विम्ल मातीत टिकत नाही. मॅग्नेशियमसाठी ५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, तर जस्तासाठी ३ ग्रॅम झिंक सल्फेट व दीड ग्रॅम विरलेला चुना प्रति लिटर या प्रमाणात फवारावे. कोणतीही फवारणी आधी पाच-सहा रोपांवर करून तीन दिवस वाट पाहावी.

एक चमचा युरिया म्हणजे किती?

एक एकर जमिनीच्या वरच्या वीतभर थरातील मातीचे वजन सुमारे ९ लाख किलो धरले जाते. दोन किलो मातीच्या पिशवीत भरलेला चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम युरिया टाकला, तर एकराच्या हिशेबाने ते प्रमाण २,२५० किलो होते. म्हणजेच ४५ किलोच्या ५० गोण्या! शेतात असे कोणी करणार नाही, पिशवीत मात्र ते नकळत घडते. पानांची टोके व कडा अचानक करपणे, ओल असूनही रोप मलूल होणे आणि मातीवर किंवा कुंडीच्या बाहेर पांढरा थर दिसणे ही क्षार वाढल्याची लक्षणे आहेत. कडा करपल्या म्हणून पालाश कमी आहे असे समजून आणखी खत देऊ नये. पालाशची कमतरता हळूहळू वाढते, खताचा जाळ दोन-चार दिवसांत दिसतो.

अशा वेळी पांढरा थर खरवडून काढावा. निचरा चांगला असल्यास पिशवीच्या आकारमानाच्या दुप्पट गोडे पाणी सावकाश ओतून क्षार धुवून काढावेत. पाण्याची विद्युत वाहकता ०.७५ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा कमी असल्यास ते रोपांसाठी चांगले. २.२५ च्या वर असल्यास ते रोपांना देऊ नये, पावसाचे साठवलेले पाणी वापरावे. कोकोपीट वापरणाऱ्यांनी ते आधी गोड्या पाण्याने दोन-तीन वेळा धुवून घ्यावे, कारण त्यात सोडियम व पोटॅशियमचे क्षार असू शकतात.

निरोगी वाढणाऱ्या रोपास १९:१९:१९ हे विद्राव्य खत एक लिटर पाण्यात १ ग्रॅम याप्रमाणे १५ दिवसांतून एकदा, माती ओलसर असताना द्यावे. कोरड्या मातीत व आजारी रोपास खत देऊ नये.

लक्षात ठेवा

• आधी पिशवी उचला, बोट घाला, मुळे पाहा. खताचा विचार त्यानंतर.
• पिशवी जड व रोप मलूल असेल तर पाणी बंद.
• जुने पान की नवे पान, हे पाहून अन्नद्रव्य ओळखा.
• एका वेळी एकच उपाय करा. चार उपाय एकदम केल्यास गुण कशाने आला ते कळत नाही.
• पिवळे पडलेले जुने पान पुन्हा हिरवे होईलच असे नाही. उपायाचा गुण नव्या पालवीवरून ठरवा.

शंका राहिल्यास दोन बिघडलेली व दोन चांगली रोपे पिशवीसह, तसेच बाटलीभर पाणी घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात यावे. जिल्ह्यात बारामती व नारायणगाव येथे ही केंद्रे आहेत. केवळ तोडलेले पान आणल्यास निदान अर्धवट राहते, कारण बहुतेक वेळा दोष पिशवीच्या तळाशी दडलेला असतो. रोपे मे महिन्यातच तपासून घेतली तर उपायांना महिनाभर हाती राहतो आणि मृगाचा पाऊस झाल्यावर खड्ड्यात निरोगी रोप लावता येते.