भाड्याची पावती व रेषीय संबंध

रेषीय संबंधाचा पाठ आपल्या वर्गांतून बहुधा सूत्रापासून सुरू होतो व उदाहरणे मागाहून येतात. प्रस्तुत लेखकाच्या मते हा क्रम उलट असावा. विद्यार्थ्याच्या हाती प्रथम पावत्या द्याव्यात.

समजा, मांडववाल्याने १०० खुर्च्यांचे १४०० रुपये घेतले. तर २०० खुर्च्यांचे किती? वर्गातून तत्काळ उत्तर येते, २८००. हे उत्तर अज्ञानातून येत नाही. ते त्रैराशिकाच्या उत्तम सरावातून येते, आणि म्हणूनच ही चूक सहजासहजी सुटत नाही. दुसरी पावती मात्र २२०० रुपयांची निघते. येथे विद्यार्थ्यास थोडा वेळ अडखळू द्यावे. खुर्च्या १०० ने वाढल्या आणि आकार ८०० ने. म्हणजे प्रत्येक वाढीव खुर्चीस ८ रुपये. मग पहिल्या पावतीतील उरलेले ६०० रुपये कशाचे? घरचे लग्नकार्य पाहिलेला एखादा मुलगा ‘गाडीभाडे’ असे सांगतोच, आणि न खुर्च्यांचा एकूण आकार भ मानल्यास भ = ८न + ६०० हे समीकरण फळ्यावर उभे राहते. दुपटीला दुप्पट हा समप्रमाणाचा धर्म होय. समान वाढीला समान वाढ हा रेषीय संबंधाचा. पहिल्यात दुसरा अंतर्भूत आहे, दुसऱ्यात पहिला नाही. (अनामत रकमेविषयीही कोणीतरी विचारतेच. ती परत मिळते, सबब स्थिर पदात तिला स्थान नाही.)

दुसरा दुकानदार गाडीभाडे न घेता खुर्चीस १२ रुपये सांगत असेल, तर ८न + ६०० = १२न, म्हणून न = १५०. त्याहून अधिक खुर्च्या लागत असल्यास पहिलाच स्वस्त. ह्याच घाटाचे उदाहरण भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील ‘बीजगणित’ ग्रंथात आहे. एकाजवळ ३०० ची रोकड व ६ घोडे, दुसऱ्याजवळ तशाच किमतीचे १० घोडे परंतु १०० चे ऋण. दोघांचे धन समान, तर घोड्याचे मूल्य किती? उत्तर १००. ऋण स्थिर पदाचा अर्थ समजावण्यास ह्याहून सोपे साधन आम्हांस ठाऊक नाही.

आलेखाबाबत एक सावधगिरी हवी. खुर्च्या पूर्णांकांतच मोजल्या जातात. म्हणून आलेखावर वस्तुतः सुटे बिंदू येतात, आणि ते जोडणारी रेषा ही आपली सोय आहे. शिवाय गाडीत ३०० च खुर्च्या मावत असतील, तर ३०१ व्या खुर्चीसाठी दुसरी खेप करावी लागते व भाडे एकदम ६०८ रुपयांनी वाढते. रेषा तेथे तुटते. तुटलेला पुढील तुकडा पहिल्यास समांतर का, हे मात्र विद्यार्थ्याकडूनच वदवून घ्यावे.