संगीत सौभद्र आणि आमचीं पन्नास मिनिटें

गेल्या स्नेहसंमेलनासाठीं ‘संगीत सौभद्र’ नाटकांतील कांहीं प्रवेश बसवावे असें आम्हीं ठरविलें, तेव्हां आमच्या वांट्यास पन्नास मिनिटें आलीं. मूळ नाटक पांच अंकांचें असून त्यांत शंभरांहून अधिक पदें आहेत. अर्थात् कात्री चालविणें भागच होतें. तालमीच्या तिसऱ्या दिवशीं एका विद्यार्थिनीचे आजोबा तिला घरीं नेण्यासाठीं आले. बराच वेळ ते मागच्या बाकावर स्वस्थ बसून होते. उठतांना मात्र म्हणाले, “मास्तर, मोठीं मोठीं पदें तुम्हीं ठेवलींत आणि साक्या-दिंड्या तेवढ्या गाळल्यात. हें म्हणजे मांडव ठेवून नवरानवरीला घालवून देण्यासारखें झालें!”

त्या वेळीं आम्ही हंसलों. परंतु घरीं गेल्यावर तें बोलणें मनांतून जाईना. आमच्या आधींही ह्या नाटकावर पुष्कळांनीं कात्री चालविली असली पाहिजे. ती कोणीं चालविली, कां चालविली, आणि इतकी चालवूनही नाटक जिवंत कसें राहिलें, ह्याचा थोडा शोध आम्हीं घेतला. तो आमच्या बालवाचकांस व त्यांच्या वडीलधाऱ्या मंडळींस सांगावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

‘सौभद्रा’चे कर्ते बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूरचे. त्यांचा जन्म १८४३ सालचा. त्याच सालीं सांगलीस विष्णुदास भाव्यांनीं ‘सीतास्वयंवर’ हा खेळ करून मराठी रंगभूमीचा पाया घातला. भाव्यांच्या खेळांत गाण्याचें सारें काम सूत्रधाराकडे असे. तो पद्यांतून कथा सांगत जाई, आणि राम, सीता, रावण इत्यादि पात्रें प्रसंगास सुचेल तसें भाषण करीत. किर्लोस्करांनीं हें गाणें सूत्रधाराकडून काढून पात्रांच्या मुखीं घातलें. आज आपणांस ह्यांत विशेष कांहीं वाटत नाहीं. परंतु दुष्यंतानें स्वतः गावें, शकुंतलेनें स्वतः गावें, ही त्या काळच्या प्रेक्षकांस मोठी नवलाई होती. त्यांचें ‘संगीत शाकुंतल’ पुण्यास ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं रंगभूमीवर आलें. पुढें दोन वर्षांनीं, १८ नोव्हेंबर १८८२ रोजीं, पुण्याच्याच पूर्णानंद नाट्यगृहांत ‘सौभद्रा’चा पहिला प्रयोग झाला. तोही केवळ तीन अंकांचा! पांचही अंक एकत्र पाहण्यास लोकांना १८८३ च्या मार्चपर्यंत वाट पाहावी लागली. आमच्या पन्नास मिनिटांना एवढा तरी आधार सांपडला, ह्याचा आम्हांस आनंद झाला.

कथा महाभारतांतील सुभद्राहरणाची, पण ती घडते मात्र एखाद्या मराठी वाड्यांत घडावी तशी. थोरल्या बलरामानें बहिणीचें लग्न दुर्योधनाशीं ठरविलें आहे. तिचें मन तीर्थयात्रेस गेलेल्या अर्जुनावर जडलेलें आहे. आणि धाकट्या कृष्णाला सर्व ठाऊक असूनही तो वडील भावापुढें शब्द काढीत नाहीं, आंतून मात्र सूत्रें हालवितो. घटोत्कच निजलेल्या सुभद्रेस उचलून वनांत नेतो. अर्जुन संन्याशाचा वेष घेतो, आणि भोळा बलराम त्या यतीच्या सेवेस आपल्याच बहिणीची योजना करतो. मध्येंच रुक्मिणीचा रुसवा आहे, नारदाची लावालावी आहे. बलरामाचा कोप आणि कृष्णाचें साळसूद तोंड ह्यांवर आजही लहान मुलें खदखदां हंसतात, हें आम्हीं तालमींत प्रत्यक्ष पाहिलें.

आतां साक्या-दिंड्यांकडे वळूं. साकी, दिंडी, कामदा हीं जुनीं, छोटेखानी वृत्तें. कीर्तनांतून आणि घरोघरच्या आई-आजींच्या तोंडून तीं लोकांच्या कानांवरून गेलेलीं होतीं. दोनचार ओळींत पात्रानें आपलें म्हणणें सांगावें व दुसऱ्यानें तशाच दोनचार ओळींत त्यास उत्तर द्यावें, अशी त्यांची योजना. तेथें तानेला जागा नाहीं आणि आलापाची अपेक्षा नाहीं. एक प्रकारें हीं पदें म्हणजे चाल लावलेलें भाषणच होय. ह्यांच्या जोडीला किर्लोस्करांनीं कर्नाटकी चाली घेतल्या, लावणीच्या वळणाच्याही घेतल्या. एकंदरींत गाणें कथेला पुढें ढकलीत असे. तिला थांबवून ठेवीत नसे.

पहिली सुभद्रा झाले ते भाऊराव कोल्हटकर. बडोद्याहून किर्लोस्कर मंडळींत आलेला हा तरुण त्या वेळीं अवघा एकोणीस वर्षांचा होता. त्या काळीं स्त्रियांचीं कामें पुरुषच करीत, हें वाचकांस ठाऊक असेलच. भाऊरावांचा आवाज फार उंच व पल्लेदार होता अशी ख्याति आहे. पण ते १९०१ सालीं वारले, आणि हिंदुस्थानांत ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठीं पहिलें ध्वनिमुद्रण झालें तें १९०२ सालीं, कलकत्त्यास. एका वर्षानें चुकामूक झाली! स्वतः किर्लोस्कर तर १८८५ सालींच, बेचाळिसाव्या वर्षीं, निवर्तले होते. त्यामुळें मूळचें ‘सौभद्र’ कानांस कसें लागत असे हें समजण्यास छापील पुस्तक आणि लोकांच्या आठवणी ह्यांखेरीज साधन उरलेलें नाहीं.

ह्यानंतर जो मोठा पालट झाला तो ‘सौभद्रां’त कोणीं कांहीं बदलल्यामुळें झाला नाहीं, तो शेजारच्या नव्या नाटकांमुळें झाला. १९०५ सालीं नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व किर्लोस्कर मंडळींत आले. १९११ सालीं खाडिलकरांचें ‘मानापमान’ आलें. त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. १९१३ सालीं बालगंधर्वांनीं आपली स्वतंत्र गंधर्व नाटक मंडळी काढली, आणि १९१६ सालीं त्या मंडळीनें ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आणलें; त्यास चाली दिल्या भास्करबुवा बखल्यांनीं. ह्या नाटकांतून ख्याल व ठुमरीच्या अंगाचें गाणें मराठी प्रेक्षकांच्या घरांत शिरलें. कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला जेथें साथीला, तेथें चार ओळींवर समाधान कोणाचें होणार? एकदां कान असे घडले म्हणजे जुन्या नाटकाकडूनही तीच मागणी होऊं लागते. ‘सौभद्रा’चें अक्षरही न बदलतां त्यांतील पदें लांबूं लागलीं. एकेका पदास ‘वन्समोअर’वर ‘वन्समोअर’ मिळावे, नटानें दर वेळीं नव्या जागा घ्याव्या, आणि प्रयोग पहाटेपर्यंत चालावा, असा तो काळ होता.

मोठें पद लांबलें म्हणजे रात्र कांहीं लांबत नाहीं. मग जागा कोणाची जाणार? जिला टाळी नाहीं तिची! येथें आम्हांस आजोबांच्या बोलण्याचा उलगडा झाला. साक्या-दिंड्या कोणीं द्वेषानें काढल्या नाहींत. मोठ्या पदांनीं त्यांना बाकावरून हळूहळू सरकवीत खालीं पाडलें. आमच्या मतें ह्यांत लाभ व हानि दोन्ही झालीं. रुक्मिणीला पहाटेची शोभा दाखविणारें कृष्णाचें पद एखाद्या जाणत्या गवयाच्या मुखांतून फुलत जातांना ज्यानें ऐकलें आहे, तो ह्या पालटास नांवें ठेवणार नाहीं. परंतु त्याच रात्रीं सुभद्रेवर कोणतें संकट आहे ह्याचा प्रेक्षकांस विसर पडतो, हेंही तितकेंच खरें.

पुढील बदल थोडक्यांत सांगतों. १९२९ सालीं हिराबाई बडोदेकरांनीं आपली नाटक मंडळी काढली व तींत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनींच केल्या. ‘सौभद्र’ त्यांनींही केलें, आणि सुभद्रेला अखेर स्त्रीचा कंठ लाभला. १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट निघाला, तेव्हांपासून नाटक कंपन्यांचे दिवस फिरले. खुद्द बालगंधर्वही १९३५ सालीं ‘धर्मात्मा’ ह्या बोलपटांत उतरले. कंपन्या मोडल्या, पण ‘सौभद्र’ मोडलें नाहीं. जयराम व जयमाला शिलेदारांनीं आपल्या ‘मराठी रंगभूमी’ ह्या संस्थेमार्फत तें गांवोगांव नेलें, छोटा गंधर्वांनीं त्यांतील कृष्ण गाजविला, आणि गोमंतकांत देवळांच्या जत्रांतून हौशी मंडळींनीं ह्या संगीत नाटकांस आश्रय दिला.

मग पुन्हां कान बदलले, आणि ह्या वेळीं त्यांत आमच्या नागपूरचाही हात होता. १९६४ सालच्या ‘मत्स्यगंधा’स जितेंद्र अभिषेक्यांनीं चाली दिल्या, त्या आटोपशीर होत्या, पद रंगूं लागलें न लागलें तों नाटक पुढें चालूं लागे. १९६७ सालीं आलेल्या ‘कट्यार काळजांत घुसली’ ह्या नाटकाचें संगीतही त्यांचेंच. परंतु नाटक लिहिलें तें नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांनीं. त्यांतील खांसाहेब झाले ते वसंतराव देशपांडे. मूर्तिजापुरास जन्मलेल्या वसंतरावांचें आरंभीचें संगीत-शिक्षण येथेंच, शंकरराव सप्र्यांकडे झालें होतें. सिव्हिल लाइन्समधील सभागृहास त्यांचें नांव आहे. आमचे बहुतेक विद्यार्थी केव्हां ना केव्हां तेथें गेलेलेच असतात. अशीं नवीं नाटकें पाहून आलेल्या प्रेक्षकास रात्रभर बसवत नाहीं. म्हणून ‘सौभद्र’ही तीन तासांचें झालें. पांच अंकांचे तीन किंवा दोनच झाले, आणि नटाचा आवाज मागच्या रांगेपर्यंत नेण्याचें काम ध्वनिक्षेपकाकडे गेलें. ‘वन्समोअर’ मागणारे अद्याप आहेत. देणाऱ्याचें लक्ष मात्र घड्याळाकडे असतें.

ह्याच्या अगदीं उलट रीत इंग्लंडांत आढळते. ‘सौभद्रा’च्या पहिल्या प्रयोगानंतर बरोबर सात दिवसांनीं, २५ नोव्हेंबर १८८२ रोजीं, लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहांत गिल्बर्ट व सलिव्हन ह्या जोडीचें ‘आयोलँथी’ हें संगीत नाटक प्रथम झालें. तें करणाऱ्या डॉयली कार्ट कंपनीनें गिल्बर्टनें आंखून दिलेली उठण्याबसण्याची पद्धतिसुद्धां पिढ्यान् पिढ्या जपली. १९६१ अखेर हक्कांची मुदत संपेपर्यंत त्या देशांत व्यवसायी प्रयोगांचा अधिकार तिच्याच हातीं होता. १९८२ सालीं ती कंपनी बंद पडली. तेथें नाटक जपलें तें कुलपांत ठेवून. येथें तें जपलें ज्याला हवें त्याच्या हातीं देऊन. दुसऱ्या रीतीनें वस्तु झिजते, हें कबूल केलें पाहिजे.

हें सर्व वाचून झाल्यावर आमच्या संहितेवर आम्हीं पुन्हां पेन्सिल घेतली. आमच्या मुलांपैकीं ख्याल गाणारें कोणी नव्हतें. मग गवयांसाठीं राखलेली जागा आम्ही कोणासाठीं अडवून ठेवीत होतों? मोठ्या पदांपैकीं तीन ठेवलीं, तींही तानांवांचून. आणि वाचलेल्या वेळांत अकरा साक्या व दिंड्या परत आणल्या. त्यांच्या चाली आम्हांपैकीं कोणालाच नीट येत नव्हत्या. त्या आजोबांनीं शिकविल्या. ते आठ दिवस सायंकाळीं पेटी घेऊन येत असत. दम लागला कीं थांबत, पाणी पीत, आणि “हं, सुभद्रे, पुन्हां म्हण” असें आपल्याच नातीला सांगत.

प्रयोग पन्नासाच्या ऐवजीं सत्तावन्न मिनिटें चालला. त्याबद्दल आम्हांस मुख्याध्यापकांचे दोन शब्द ऐकून घ्यावे लागले. घटोत्कचाची एक मिशी मध्येंच गळून पडली. दोन दिंड्या मुलें विसरलीं, आणि त्या दोन्हीही पहिल्या रांगेंतून कोणी तरी हलक्या आवाजांत पुऱ्या केल्या.