पावसाची तारीख सांगणारा माणूस

मे महिना सरत आला की नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्या आपल्या माणसांचे अर्धे लक्ष मशीनवर आणि अर्धे गावाकडे असते. कोणाची पाथर्डीकडे दोन एकर कोरडवाहू, तर कोणाची आई जामखेडला दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की भाकरीआधी प्रश्न निघतो, "डख काय म्हणतात?" मग कोणीतरी मोबाईल काढतो आणि चार माणसे कान देऊन ऐकू लागतात.

हे डख म्हणजे परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे पंजाबराव डख. ते ना आकाशवाणीचे निवेदक, ना वेधशाळेचे अधिकारी. पेशाने शेतकरी, आणि काही काळ शाळेत अंशकालीन शिक्षक. लहानपणी वडिलांसोबत टीव्हीवर हवामानाच्या बातम्या बघायची सवय लागली, अंदाज कधी खरा ठरायचा, कधी खोटा. त्यातूनच हा नाद जडला, असे ते सांगतात. उपग्रहाची चित्रे बघायची, आभाळ बघायचे आणि आपला अंदाज व्हॉट्सॲपवर ध्वनिफितीने सोडून द्यायचा. पुढे यूट्यूब आले आणि परभणीचा हा माणूस अख्ख्या महाराष्ट्राच्या बांधावर पोहोचला. गावोगाव त्यांची व्याख्याने होऊ लागली. सन 2024 च्या लोकसभा निवडणुकीत परभणीतून वंचित बहुजन आघाडीने त्यांना उमेदवारी दिली. ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले. पाऊस सांगणाऱ्या माणसाला लोकसभेचे तिकीट मिळावे, ही गोष्ट त्यांच्या शब्दाचे वजन सांगायला पुरेशी आहे.

हे वजन आले कुठून? प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे अर्धे उत्तर सरकारी भाषेत आहे.

आपल्याकडे हवामान खाते 1875 साली स्थापन झाले. 1928 साली त्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले, म्हणून पुण्यातील वेधशाळेला जुनी माणसे आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात. 1932 साली तेथेच कृषी हवामानाचा स्वतंत्र विभाग उघडला आणि 1945 पासून आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामानाची वार्तापत्रे सुरू झाली. एवढी मोठी परंपरा! पण रेडिओवर ऐकू काय येई? 'तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता.' ऐकणारा म्हणे, यात आमचे गाव आले की नाही? वस्तुतः हे शब्द मोजून ठेवलेले आहेत. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या विभागातील पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी पंचवीस टक्क्यांपर्यंत, 'काही ठिकाणी' म्हणजे पन्नासपर्यंत. 'मुसळधार' म्हणजे चोवीस तासांत साडेचौसष्ट मिलिमीटरच्या पुढे. पण हे फोड करून आपल्याला कोणी सांगितलेच नाही. डखांनी तारीख सांगितली, जिल्ह्यांची नावे घेतली आणि 'भाग बदलत' पडेल असे आपल्या बोलीत सांगितले. माणसे तिकडे वळली यात नवल नाही.

सरकारी अंदाजावरचा राग तर एकदा पोलीस ठाण्यापर्यंत गेला. 2017 च्या जुलैत बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध फसवणुकीची तक्रार दिली. चांगल्या पावसाच्या भरवशावर पेरले आणि पावसाने दडी मारली, अशी त्यांची कैफियत होती. ज्याचे बियाणे मातीत जळाले त्याचा राग समजू शकतो. पण मग तीच फूटपट्टी सर्वांना लावायला हवी. डखांना सूट का?

त्यांच्या काही खुणा अगदीच टाकाऊ नाहीत. दिव्याभोवती पंखवाल्या वाळव्या, किडे गर्दी करू लागले की दोन-तीन दिवसांत पाऊस, असे ते म्हणतात. हवेत दमटपणा वाढला की वाळव्या उडतात हे खरे आहे. चिमण्या धुळीत अंघोळ करतात, सांजेला आभाळ तांबडे होते, हे तर आपल्या आज्याही सांगत. मात्र चिंचेला यंदा चिंचा जास्त, म्हणून येणारा पाऊस जास्त, यावर कोणी वर्षानुवर्षे नोंद ठेवून ताडा केला आहे काय? झाडाचा बहार हा होऊन गेलेल्या हवामानावर असतो. पुढचे आभाळ त्याला कसे कळावे?

खरा आक्षेप लांब पल्ल्याच्या तारखांवर आहे. हवेतली आजची बारीकशी चूक रोज वाढत जाते. अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी 1963 साली हे गणिताने दाखवले. म्हणून जगातला मोठ्यात मोठा संगणकही दोन आठवड्यांपलीकडे अमुक गावी अमुक तारखेला पाऊस, असे खात्रीने सांगू शकत नाही. मेमध्ये बसून ऑगस्टची तारीख देणाऱ्याने, मग तो कोणीही असो, ती कशावरून दिली हे विचारले पाहिजे. डख शेवटी सांगतात की हा अंदाज आहे, वारे बदलले की वेळ आणि ठिकाण बदलते. हा प्रामाणिकपणा म्हणावा, पण फॉरवर्ड होताना तेवढे वाक्यच गळून पडते. आणि जमलेले अंदाज माणसे वर्षभर सांगतात, हुकलेले महिन्यात विसरतात.

चुकीची किंमत कोणाला पडते, तेही बघा. जमीनवाल्याची दुबार पेरणी होते, बियाणे-खताचे कर्ज दुप्पट होते. ज्याला जमीनच नाही त्याचे नाव कोणत्याही पंचनाम्यात येत नाही. पीक उगवलेच नाही तर खुरपणी कसली? त्या बाईची आठवड्यामागून आठवडे मजुरी जाते.

आज राहुरीच्या कृषी विद्यापीठातून जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज व पिकाचा सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. 'मेघदूत' ॲपवर तो मराठीत मिळतो आणि विजेच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' आहे. रानात काम करणाऱ्या बायांच्या घरी एका तरी मोबाईलमध्ये 'दामिनी' असावे. कृषी खात्याचे सांगणे असे, की पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये. आपला जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, पहिल्या सरीने येथे अनेकांना फसवले आहे.

मागच्या एका जूनमध्ये आमच्या ओळखीचा एक तरुण कामगार गेटबाहेर उभा राहून गावी फोन लावत होता. कानातला डखांचा संदेश नुकताच संपला होता. आईला त्याने विचारले, "ओल किती खोल गेली?" पलीकडून उत्तर आले, "चार बोटं." तो म्हणाला, "मग मंगळवारचा सल्ला येऊ दे, तवर पिशवी सोडू नको."