न शिकलेल्या विषयाची परीक्षा

ज्या विषयाचें पुस्तक आपण कधीं हातांत धरलें नाहीं, त्याच विषयाची प्रश्नपत्रिका एके दिवशीं आपल्यापुढें येऊन पडावी, असा प्रसंग पुष्कळांच्या वांट्यास येतो. सारें आयुष्य मास्तरकींत घालवूनही अशा परीक्षेशीं माझा खरा परिचय झाला तो शाळेंत नव्हे, तर सांगलीच्या आमच्या घरांत. वाचकांपैकीं कोणास उपयोगी पडेल म्हणून ती हकीकत येथें देतों.

दोन वर्षांपूर्वीं एका संध्याकाळीं माझी पुतणसून देवघराच्या दाराशीं येऊन उभी राहिली. तिचें माहेर सातारा जिल्ह्यांतील डोंगराळ भागांतलें. आई अंथरुणास खिळल्यामुळें धाकट्या भावंडांचें करण्यासाठीं सहावींतच हिची शाळा सुटली. ती हळूच म्हणाली, "काका, मला दहावीला बसायचंय. पण बीजगणित मी कधीं शिकलेंच नाहीं."

कारण विचारतां कळलें कीं, मुलाच्या शाळेच्या अर्जांत 'आईचें शिक्षण' असा एक रकाना असतो, व तो ती दरवर्षीं कोराच ठेवीत आली होती. यंदां मुलानेंच विचारलें, "आई, इथं काय लिहूं?"

शाळा सुटलेल्यांसाठीं आपल्या राज्यांत सतरा नंबरचा अर्ज म्हणून एक सोय आहे. निदान पांचवी उत्तीर्ण झालेल्या व वयाचीं चौदा वर्षें पुरीं केलेल्या कोणासही तो भरून खाजगी रीतीनें दहावीस बसतां येतें. सातारा, सांगली व कोल्हापूर हे जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळाकडे येतात. अर्ज भरण्यास अडचण नव्हती. अडचण होती ती घरांत. आमच्या वहिनी, म्हणजे तिच्या सासूबाई, म्हणाल्या, "आणि नापास झाली तर? चार लोकांत हसें होईल." त्यांच्या बोलण्यांत दुष्टावा नव्हता, भीति होती. शिवाय शिकवणार कोण? मी जन्मभर संस्कृत शिकविलें. बीजगणिताशीं माझा संबंध मॅट्रिकबरोबरच संपला होता. म्हणजे शिष्येस जें येत नव्हतें, तें गुरूसही येत नव्हतें!

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर मीं घरांतील मंडळींस महर्षि धोंडो केशव कर्वे यांची गोष्ट सांगितली. १८७५ सालीं मुरूडचा हा मुलगा सोबत्यांसह कुंभार्ली घाट चढून पायीं साताऱ्यास परीक्षेसाठीं आला. इतकी पायपीट करून परीक्षकांपुढें उभा राहिला, तों त्याची लहानखुरी मूर्ति पाहून त्याचें वय भरत नाहीं असें ठरविण्यांत आलें व त्यास परीक्षेस बसूंच दिलें नाहीं! आला तसाच तो परत गेला. पुढें ती परीक्षा त्यानें दिली. मॅट्रिक मात्र तो १८८१ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं झाला. आणि विषय कोणता धरला? गणित! १८९१ सालीं तो फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचा प्राध्यापक झाला, आणि १९१६ सालीं त्यानेंच स्त्रियांसाठीं विद्यापीठ काढलें. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. परंतु दुसऱ्या दिवसापासून रात्रीचीं झांकपाक त्यांनीं आपल्याकडे घेतली.

दहावीच्या बीजगणिताचें पुस्तक मीं उघडलें व प्रथम घाबरलों. मग भास्कराचार्य आठवले. बाराव्या शतकांत त्यांनीं 'बीजगणित' लिहिलें, त्यांत अज्ञात संख्येस 'अव्यक्त' म्हटलें आहे. पहिल्या अव्यक्ताचें नांव 'यावत्तावत्', म्हणजे जेवढें असेल तेवढें; आणखी अव्यक्तें असल्यास त्यांस कालक, नीलक, पीतक अशीं रंगांचीं नांवें. मीं तिला म्हटलें, "अगं, हा एक्स म्हणजे आपला यावत्तावत्." ती क्षणभर थांबून म्हणाली, "म्हणजे डब्याचं झांकण न उघडतां आंत साखर किती तें काढायचं!" तीन सारखे डबे आणि वर दोन किलो मिळून चौदा किलो, तर एका डब्यांत किती? चार, हें तिनें तोंडीं सांगितलें. तें कागदावर मांडण्यास मात्र आम्हां दोघांस आठवडा लागला.

पुढें आठ महिने रोज रात्रीं एक तास. आम्हीं आधीं जुन्या प्रश्नपत्रिका पाहिल्या. प्रकरणें सहाच: दोन चलांतील रेषीय समीकरणें, वर्गसमीकरणें, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता व सांख्यिकी. दुकानाच्या बिलावरील जी.एस.टी. तिला ठाऊक होताच, म्हणून अर्थनियोजनापासून आरंभ केला. भिशीच्या हप्त्यांनीं श्रेढी समजली. वर्गसमीकरणें मला अडत, तेव्हां पणतू शोभेल अशा वयाच्या शेजारच्या मुलाकडे वही घेऊन जाण्यास मीं लाज धरली नाहीं.

मार्चांत परीक्षा झाली. निकाल लागला, तेव्हां इतर सर्व विषयांत ती उत्तीर्ण होती, गणितांत नापास. घर सुन्न झालें. ती पदर डोळ्यांस लावून स्वयंपाकघरांत गेली. तिच्या मागोमाग वहिनी गेल्या, आणि त्यांचे शब्द मला बाहेर ऐकूं आले, "साताऱ्याहून परत गेलेला मुलगा पुन्हां बसलाच ना? पुसा डोळे. आजपासून भूमिति." पावसाळ्यांतील पुरवणी परीक्षेंत ती उत्तीर्ण झाली. गुण फार नव्हते, पण पुरेसे होते. यंदांच्या अर्जांतील तो रकाना मुलानें स्वतःच्या अक्षरांत भरला.

न शिकलेला विषय हा अपमानाचा नव्हे. आपणांस जें ठाऊक आहे, त्याच्या दारानें त्यांत शिरावें. येत नाहीं तें येत नाहीं असें उघड म्हणावें. आणि घरांतल्यांनीं उपदेशाऐवजीं एक तास मोकळा करून द्यावा. कोणाच्या घरांत असा एखादा कोरा रकाना असल्यास त्यांनीं माघार घेऊं नये, एवढेंच या वृद्ध मास्तराचें सांगणें आहे.